ओटीपी कोणालाही सांगू नका, म्हणे!

बँकेचा संदेश असो, आधारचा असो की गॅस टाकीचा, शेवटची ओळ ठरलेली असते : ओटीपी कोणालाही सांगू नका. सल्ला चांगलाच आहे. पण तो पाळायचा तर ओटीपी ज्या चौकटीत टाकायचा ती चौकट माणसाला स्वतःला सापडायला हवी. बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडच्या एखाद्या अंध शेतकऱ्याला पीक विम्याचा अर्ज भरायचा आहे असे समजू. फोन त्याच्याकडे आहे. अँड्रॉइडमधला टॉकबॅक त्याला आलेला ओटीपी खणखणीत वाचूनही दाखवतो. गाडी अडते ती संकेतस्थळावर. चौकटीला नाव नाही, बटणाला नाव नाही आणि सगळे जमवत आणलेच तर शेवटी वेड्यावाकड्या अक्षरांचे चित्र, म्हणजे कॅप्चा, समोर येते. ते ओळखून टाइप केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग उरतो एकच मार्ग : सेवा केंद्रात जायचे आणि फोन चालकाच्या हाती द्यायचा. ‘भाऊ, आला का नंबर? सांगा पटकन, साइट बंद पडते.’ नंबर सांगितला जातो. आधार क्रमांक, खाते क्रमांक, खात्यात काय आले आणि काय नाही, हे सगळे मागे रांगेत उभ्या असलेल्यांच्याही कानांवर जाते.

चालक बहुतेकदा ओळखीचा आणि भला असतो. त्याच्या नियतीचा इथे प्रश्नच नाही. प्रश्न असा की डोळसांचा कारभार कचेरीतून त्यांच्या खिशात आला, आणि तोच कारभार अपंगांच्या बाबतीत कचेरीतून तिसऱ्याच माणसाच्या टेबलावर गेला. पूर्वी तलाठ्यासमोर (आता पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी) उभे राहून निदान स्वतःच्या तोंडाने बोलता येत होते. आता तेवढेही उरले नाही.

रोहिणखेड हे मोताळा तालुक्यातले घाटाखालचे गाव. इतिहासात त्याचे नाव येते ते पंधराव्या आणि सोळाव्या शतकात इथे झालेल्या लढायांसाठी. आजचे तिथले प्रश्न आसपासच्या शंभर गावांसारखेच : कापूस, सोयाबीन, मका, विमा, अनुदान. यातले एकही काम आता कागदावर पूर्ण होत नाही. सातबारा महाभूलेखवर, योजना महाडीबीटीवर, दाखले ‘आपले सरकार’वर. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने शेतात उभे राहून आपल्या पिकाचा फोटो मोबाइलवरच काढायचा. कॅमेरा पिकाकडे वळला आहे की बांधाकडे, हे न दिसणाऱ्या माणसाने कसे ठरवायचे, याचे उत्तर अॅपच्या आखणीत असायला हवे होते. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी गावोगावी सहायक नेमण्याची सोय पुढे झाली. ती उपयोगी आहे यात वाद नाही. पण आधी दार बांधायचे आणि मग आत उचलून न्यायला माणूस ठेवायचा, हा क्रमच उलटा आहे.

त्यातही अपंगत्व सिद्ध करण्याची वाट ऑनलाइनच जाते. १ जून २०२१ पासून दिव्यांग प्रमाणपत्र केवळ युडीआयडीच्या (दिव्यांगांच्या विशेष ओळखपत्राच्या) केंद्रीय पोर्टलवरून देणे बंधनकारक झाले. २०२४ मध्ये नियम बदलले आणि अपंगत्वाच्या टक्केवारीनुसार पांढऱ्या, पिवळ्या आणि निळ्या पट्ट्यांची कार्डे आली. अंधाने आपल्या कार्डाचा रंग कोणाला विचारायचा, हे नियमांत लिहिलेले नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. देशात हा आकडा २ कोटी ६८ लाख होता. तेव्हा मोजणी अपंगत्वाच्या मोजक्याच प्रकारांची झाली होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने हे प्रकार ७ वरून २१ केले. त्यात कुष्ठरोगमुक्त आहेत, ज्यांच्या बोटांचे ठसे यंत्र ओळखेलच असे नाही. अॅसिड हल्ल्यातून वाचलेले आहेत. कंपवाताचे रुग्ण आहेत, ज्यांच्या थरथरत्या बोटाला छोटे बटण सापडत नाही. ज्यांची नोंद कुठल्याच प्रकारात होत नाही असे मोतीबिंदू झालेले आजोबा आणि वाचनाचा चष्मा घरी विसरलेल्या काकूही याच रांगेत आहेत. म्हणून ‘मूठभरांसाठी एवढा खटाटोप कशाला’ हा सवाल आकड्यांपुढे टिकत नाही.

न दिसणारा माणूस संकेतस्थळ वापरतो कसे, हे बऱ्याच डोळसांना ठाऊक नसते. खरे तर हे संकेतस्थळे बनवणाऱ्या अनेकांनाही ठाऊक नसते, आणि निम्मे दुखणे तिथेच आहे. संगणकावर एनव्हीडीएसारखे वाचक सॉफ्टवेअर लागते. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मायकेल करन या अंध तरुणाने ते लिहायला घेतले, जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला आणि आजही ते फुकट मिळते. ते पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवते. त्याच्यासोबत येणाऱ्या ई-स्पीकचा आवाज यंत्राचा असला, तरी ते मराठीही वाचते. वापरणारा माउसला हात लावत नाही. टॅबची कळ दाबत एका दुव्यावरून दुसऱ्यावर जातो, एचची कळ दाबून मथळ्यामागून मथळे ऐकतो आणि सराव झाला की इतक्या वेगाने ऐकतो की शेजारी बसलेल्याला एक अक्षर कळत नाही. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. पडदा वाचून दाखवणाऱ्या अशाच सॉफ्टवेअरवर त्यांनी अभ्यास केला आणि २०१७ च्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत १२४ वा क्रमांक मिळवून त्या आयएएस झाल्या. सॉफ्टवेअर आपले काम चोख करते. पण पानात जे लिहिलेलेच नाही ते ते वाचू शकत नाही.

आणि लिहिलेले बरेच नसते. चित्राचेच पाहा. प्रत्येक चित्रामागे एक ओळ वर्णन लिहायची सोय वेबच्या भाषेत जवळपास सुरुवातीपासूनची आहे. डोळसांना ती दिसत नाही, वाचक सॉफ्टवेअरला ऐकू घालता येते. रोहिणखेडमध्ये १५८२ साली खुदावंत खान महदवीने बांधलेली मशीद आहे. पर्यटनाच्या एखाद्या पानावर तिचे छायाचित्र असेल आणि वर्णन लिहिलेलेच नसेल, तर अंध वाचकाला अनेकदा ऐकू येईल फाइलचे नाव : आयएमजी अधोरेषा दोन शून्य तीन चार. ‘रोहिणखेडची दगडी मशीद, बांधकाम १५८२’ एवढे पाच शब्द लिहायला अर्धे मिनिट पुरते. अर्जाच्या चौकटींचेही तसेच. चौकटीच्या डावीकडे ‘गट क्रमांक’ असे छापलेले डोळ्यांना दिसते, पण ते शब्द त्या चौकटीला आतून जोडलेले नसतील तर कानाला फक्त ‘एडिट, रिकामे’ ऐकू येते. पुढची चौकट, पुन्हा ‘एडिट, रिकामे’. अशा दहा चौकटींत आधार कुठे आणि आयएफएससी कुठे टाकायचा, हे नशिबावर सोडावे लागते.

हा केवळ आपल्याकडचा गलथानपणा नव्हे. अमेरिकेतली वेबएम ही संस्था दरवर्षी जगातल्या दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे तपासते. २०२५ मध्ये त्यांतल्या ९४.८ टक्के पानांवर सुगम्यतेचे दोष निघाले. सर्वांत जास्त आढळलेला दोष अगदी साधा आहे : पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे. ७९ टक्के पाने त्यात सापडली. जागतिक निकषानुसार साध्या मजकुराचा रंग आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक असे प्रमाण हवे. मे महिन्यात मोताळ्याच्या बसस्टँडवर उभे राहून फोन पाहणाऱ्या धडधाकट माणसालाही हे प्रमाण का हवे, ते वेगळे सांगायला नको.

मराठीचे मात्र स्वतःचे काही घोळ आहेत आणि ते बाहेरचा कोणी येऊन निस्तरणार नाही. पहिला घोळ फॉन्टचा. विदर्भातल्या टायपिंगच्या दुकानांत आणि अनेक कचेऱ्यांत कृतिदेव, शिवाजी, किरण, श्रीलिपी असे जुने फॉन्ट वर्षानुवर्षे चालले. त्यांत पडद्यावर मराठी दिसते, पण पोटात रोमन अक्षरे असतात. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द वाचक सॉफ्टवेअरच्या लेखी ‘ई-जे-के-बी-एच’ असतो आणि ते तो इमानेइतबारे तसाच वाचते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. शासनानेही युनिकोडचा आग्रह धरला आहे. तरी जुनी फाइल उघडायची, तारीख बदलायची आणि नवा आदेश काढायचा, ही सवय मेलेली नाही.

दुसरा घोळ पीडीएफचा. राज्यातल्या जिल्ह्यांची संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एका समान साच्यावर उभी आहेत आणि त्या साच्याच्या नावातच ‘सुगम्य’ हा शब्द आहे. साचा ठीक आहे. मथळे, मेनू, दुवे कळफलकावरून चालतात. पण त्यात ओतले काय जाते? आदेश संगणकावर टाइप होतो, छापला जातो, साहेबांची सही आणि गोल शिक्का बसतो, मग तो कागद स्कॅन होतो, थोडा तिरका, आणि पीडीएफ म्हणून वर चढतो. वाचक सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ते कोऱ्या कागदाचे चित्र. लाभार्थ्यांची यादी असो, भरतीची जाहिरात असो की टंचाईचा आराखडा, अंधासाठी सगळे सारखेच कोरे. गंमत अशी की मूळ फाइल त्याच कचेरीतल्या संगणकावर पडलेली असते. तीच सोबत चढवली तर काम भागले. सही हवीच असेल तर डिजिटल सही आहे. स्कॅन न केलेल्या पीडीएफमध्येही सगळे आलबेल असतेच असे नाही. शासन निर्णयातला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवून पाहिला की वेलांट्या एकीकडे आणि जोडाक्षरे दुसरीकडे गेलेली दिसतात. जे चिकटवताना दिसते तेच अंध वाचक ऐकत असतो.

तिसरा घोळ इतका छोटा की त्याला घोळ म्हणायलाही लाज वाटावी. पानाच्या अगदी वर, कोडमध्ये, हे पान कोणत्या भाषेतले आहे ते सांगणारी दोन अक्षरे लिहायची असतात. मराठीसाठी एम आणि आर. इंग्रजी नमुना उचलून मराठी पान बनवणारे ही अक्षरे बदलायला विसरतात. मग वाचक सॉफ्टवेअर इंग्रजी आवाज घेऊन देवनागरीला भिडते आणि काही आवाज तर देवनागरी चक्क गाळून टाकतात. पूर्ण पान मराठीत लिहिलेले आणि ऐकणाऱ्याच्या कानात शांतता!

या सगळ्यावर सरकारी संकेतस्थळांनी शोधलेला तोडगा म्हणजे वरच्या कोपऱ्यातले तीन ‘अ’. एक लहान, एक मध्यम, एक मोठा. अक्षरे मोठी करण्याची सोय ब्राउझरमध्ये आणि फोनमध्ये आधीपासूनच असते. ज्याला ती हवी त्याने ती केव्हाच लावून ठेवलेली असते. अलीकडे त्या जागी व्हीलचेअरचे किंवा हात पसरलेल्या माणसाचे निळे चिन्ह येते. ते दाबले की रंग बदला, अक्षरे रुंद करा, असा खेळ उघडतो. खाली चौकटीला नाव नाही ते नाहीच. अमेरिकेत असे आयते उपकरण विकणाऱ्या अॅक्सेसीबी कंपनीने आपले उत्पादन कोणतेही संकेतस्थळ निकषांत बसवते असा दावा केला होता. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने हा दावा दिशाभूल करणारा ठरवला आणि २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले. आपल्याकडच्या निविदांत मात्र हे निळे चिन्ह अजून ‘सुगम्यता पूर्ण’ या रकान्यापुढची बरोबरची खूण म्हणून चालते.

अंधांविषयी इतके लिहिले म्हणून बाकीच्यांचे सोपे आहे असे नव्हे. योजनेची माहिती देणारी चित्रफीत मंत्र्यांच्या भाषणासह झळकते, पण खाली मराठी मजकूर धावत नाही आणि कोपऱ्यात सांकेतिक भाषेचा दुभाषी नाही. कर्णबधिराने ओठ वाचायचे तर ड्रोनने टिपलेली दृश्ये मध्ये येतात. ज्याच्या हातात पुरेशी ताकद नाही, त्याचे पान अर्धे भरून होते न होते तोच ‘आपले सत्र संपले आहे’ अशी पाटी येते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाच्या आईने ‘उपरोक्त बाबी विचारात घेता सदर प्रकरणी यथोचित कार्यवाही करण्यात यावी’ या वाक्यातून आपण नेमके काय करायचे ते कसे काढावे? त्या वाक्याला तर धडधाकट पदवीधरही शरण जातो.

कायदा याबाबतीत मागे नाही. २०१६ च्या कायद्याचे कलम ४२ माहिती आणि तंत्रज्ञान सुगम्य करण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. कलम ४६ सरकारी आणि खासगी, दोन्ही सेवादात्यांना नियम निघाल्यापासून दोन वर्षांची मुदत देते. नियम निघाले जून २०१७ मध्ये. मुदत संपली जून २०१९ मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी करोनाच्या लाटेत लसीसाठी कोविनवर नोंदणी सक्तीची झाली. अंधांना ती जमेना. मे २०२१ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने कॅप्चा ऐकण्याची सोय नाही, उपलब्ध जागा वाचक सॉफ्टवेअरला कळत नाहीत, असे दोष आपल्या आदेशात नोंदवले आणि कोविनची अपंगांच्या दृष्टीने तपासणी करायला सांगितले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला बटणे आणि चौकटी मोजाव्या लागल्या, यातच सगळे आले.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी, निवृत्तीला दोन दिवस उरले असताना, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने राजीव रतुरी खटल्याचा निकाल दिला. मूळ याचिका २००५ ची. कायदा सुगम्यता बंधनकारक करतो आणि त्याखालचा १५ वा नियम मात्र ती मार्गदर्शक सूचनांवर सोडतो, ही विसंगती दाखवून न्यायालयाने तो नियमच अवैध ठरवला. किमान सक्तीचे निकष तीन महिन्यांत ठरवायला सांगितले. पुढे ३० एप्रिल २०२५ चा निकाल आला. प्रज्ञा प्रसून या अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिलेला बँकेचे खाते उघडता आले नव्हते, कारण ई-केवायसीत कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून जिवंतपणा सिद्ध करावा लागतो आणि हल्ल्यात डोळ्यांना झालेल्या इजेमुळे ते शक्य नव्हते. तिच्या याचिकेसोबत मुंबईचे अंध वकील अमर जैन यांचीही याचिका होती. न्यायमूर्ती पारडीवाला आणि महादेवन यांनी डिजिटल सेवेपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाचा, भाग ठरवला आणि २० निर्देश दिले. त्यांतला वापराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असा : सेवा सुरू करण्याआधी तिची चाचणी अपंग वापरकर्त्यांकडून करून घ्या.

या लढाईत विदर्भाचाही वाटा आहे आणि तो पुरेसा ठाऊक नाही. नागपूरचे राहुल बजाज जन्मापासून अंध, तिथेच कायदा शिकले, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले आणि परत येऊन वकिली करू लागले. डॉक्टरची वेळ ठरवून देणाऱ्या प्रॅक्टो या अॅपविरुद्ध त्यांनी दिव्यांग व्यक्तींसाठीच्या मुख्य आयुक्तांकडे तक्रार नेली. २०२२ मध्ये आयुक्तांनी निर्वाळा दिला की खासगी सेवादातेही या कायद्याच्या कक्षेत येतात. पुढे २०२५ मध्ये सुगम्यतेची तपासणी न करणाऱ्या दीडशेहून अधिक सरकारी आणि खासगी संस्थांना प्रत्येकी १० हजार रुपयांचा दंड झाला. बातमी मोठी झाली, दंड छोटा होता. कायद्यातच पहिल्या उल्लंघनाला कमाल १० हजारांची मर्यादा आहे. एवढ्या पैशांत धड एक मोबाइल येत नाही. पुढच्या उल्लंघनाला ५० हजार ते ५ लाख आहेत. दुसऱ्यांदा पकडायला कोणी येईल ही भीती जोवर नाही, तोवर पहिला दंड परवान्याच्या फीसारखा भरून टाकता येतो.

खर्चाचे कारण मात्र सगळीकडे सारखेच ऐकू येते. २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या संकेतस्थळाविरुद्ध ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने मानवाधिकार आयोगाकडे दाद मागितली. आयोजकांनी सांगितले, दुरुस्तीला २२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर आणि एका माणसाचे वर्षभराचे काम लागेल. तज्ज्ञांनी साक्ष दिली की छोट्या गटाला चार आठवडे पुरतील. आयोगाने तज्ज्ञांचे ऐकले. दुरुस्ती पुरेशी झाली नाही म्हणून आयोजकांना २० हजार डॉलर भरपाई द्यावी लागली. तेव्हापासून पंचवीस वर्षांत साधने स्वस्त झाली, निकष छापील आहेत, तपासणीची सॉफ्टवेअर फुकट आहेत. महाग पडते ते बांधून झाल्यावर भिंत फोडणे. निविदेच्या पहिल्या पानावर अट असेल तर जादा खर्च नगण्य असतो.

महाराष्ट्राला ही संधी नुकतीच येऊन गेली. जानेवारी २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्व कार्यालयांना शंभर दिवसांचा सात कलमी कार्यक्रम दिला. त्यातले पहिलेच कलम होते संकेतस्थळ : ते अद्ययावत आणि लोकांना वापरायला सोपे करा. मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेने केले आणि १ मे रोजी निकाल लागले. कार्यालयांत स्पर्धा लागली, रंगरंगोटी झाली, जुनी पाने झाडली गेली. हे कमी नाही, कारण साहेबाच्या गुणपत्रिकेत संकेतस्थळालाही गुण आले. सोपे कोणासाठी, हा प्रश्न मात्र त्या स्पर्धेच्या केंद्रस्थानी आला नाही. राज्याने ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग जाहीर केला आहे. त्या विभागाचे काम निधी वाटपापुरते ठेवायचे नसेल, तर पुढच्या स्पर्धेची प्रश्नपत्रिका काढण्यात त्याचा हात असावा.

गावपातळीवरही हात रिकामे नाहीत. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नाचे ५ टक्के अपंगांसाठी राखून ठेवावे लागतात. तो पैसा एकरकमी मदतीत किंवा वस्तूंत संपवणे सोपे असते. त्यातला थोडा भाग रोहिणखेडसारख्या ग्रामपंचायतीने टॉकबॅकच्या प्रशिक्षणावर घातला, तर पुढच्या वर्षी काही माणसांना सेवा केंद्राच्या रांगेत उभे राहावे लागणार नाही. फोनमधले हे साधन फुकट आहे, पण ते आहे हेच अनेकांना माहीत नसते. आणि ज्यांना माहीत होते त्यांना शिकवणारा सापडत नाही, कारण एकदा बोटाने चुकून चालू झालेला टॉकबॅक बंद कसा करायचा याची धास्तीच गावात जास्त.

प्रशिक्षणाने निम्मे काम होईल. उरलेले मंत्रालयात आणि कंत्राटदाराच्या खोलीत व्हायचे आहे. संकेतस्थळाचे शेवटचे बिल देण्याआधी एक चाचणी बंधनकारक करावी. मुंबईत झेवियर्स महाविद्यालयातले दृष्टिहीनांसाठीचे केंद्र २००३ पासून आणि नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) १९५२ पासून काम करते आहे. चाचणी कशी घ्यायची हे त्यांना कंत्राटदारापेक्षा चांगले कळते. पण चाचणी देणारे मुंबईचेच नसावेत. अंध, कर्णबधिर आणि हात अधू असलेली माणसे मोताळ्यासारख्या तालुक्यांतून बोलवावीत, त्यांचा दिवसाचा रोजगार आणि प्रवासखर्च द्यावा आणि त्यांच्या स्वतःच्या फोनवर, त्यांच्याकडच्या नेटवर पाच कामे करायला सांगावीत : सातबारा पाहणे, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज करणे, विम्याचा हप्ता भरणे, एक शासन निर्णय वाचणे, तक्रार नोंदवून तिचा क्रमांक मिळवणे. शेजारी कोणी बसायचे नाही. ज्या कामाला दुसऱ्याची मदत लागली त्यापुढे फुली मारावी आणि फुल्या असेपर्यंत बिल थांबवावे. फुल्यांचा हा तक्ता त्याच संकेतस्थळावर लावावा. स्कॅन न करता.